ऑर्ग-मोडमधील तक्ते मंद का होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईमॅक्स या एडिटरमध्ये ऑर्ग-मोड ही टिपणे आणि तक्ते लिहिण्याची सोय वापरून जमाखर्च, गुणपत्रके, मोजमापे किंवा सदस्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. तक्ता लहान असेपर्यंत सारे सुरळीत चालते आणि ओळी काही शेंवर गेल्या की साधी टॅबची कळ दाबली तरी एडिटर थबकतो, सूत्रे पुन्हा लावायला सांगितले तर तो बराच वेळ प्रतिसादच देत नाही. या मंदपणाची कारणे ठरावीक आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांवर उपायही आहेत. ती कारणे आणि ते उपाय येथे प्रश्नोत्तरांच्या रूपात दिले आहेत.

वाचण्यापूर्वी एक सूचना. आज्ञांची आणि फलनांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीतच द्यावीत आणि त्यांतील जोडरेषा तशाच ठेवाव्यात. सूत्रांमधले आकडे मात्र जसे टंकायचे तसेच दिले आहेत.

ऑर्ग-मोडचा तक्ता आणि नेहमीची स्प्रेडशीट यांत मूलभूत फरक कोणता?

ऑर्ग-मोड हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये लिहिले आणि २००७ मध्ये आलेल्या ईमॅक्स २२ पासून ते ईमॅक्ससोबतच मिळते. त्यातील तक्ता म्हणजे उभ्या दंडांनी विभागलेल्या मजकुराच्या ओळी, त्यापलीकडे काही नाही. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सेलची संख्या स्मृतीत संख्या म्हणूनच साठवलेली असते, कोणता सेल कोणावर अवलंबून आहे याची नोंद ठेवलेली असते आणि पडद्यावर दिसणारा तक्ता हे त्या साठ्याचे केवळ चित्र असते. ऑर्गमध्ये असा साठा नाही. पडद्यावर दिसणारा मजकूर हाच तक्ता असल्यामुळे एखाद्या सेलची किंमत हवी असली की ती ओळ शोधून, दंड मोजून, मधला मजकूर उचलून त्याची संख्या करावी लागते, आणि उत्तर मिळाल्यावर ते पुन्हा मजकूर म्हणून त्याच जागी लिहावे लागते.

फाइल कोणत्याही एडिटरमध्ये उघडता येते, वीस वर्षांनंतरही वाचता येते, तिच्यातले बदल ओळ न् ओळ तपासता येतात, हे सारे फायदे याच रचनेतून मिळतात. मंदपणाचे मूळही तेथेच आहे, त्यामुळे एखादी जादूची सेटिंग बदलून तो संपूर्ण नाहीसा होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

माझा तक्ता मंद झाला आहे. सुरुवात कोठून करावी?

आधी नेमके काय मंद झाले आहे ते ठरवावे. तक्त्याच्या बाबतीत एडिटर तीन वेगवेगळी कामे करतो आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पहिले काम रकाने सरळ रेषेत आणण्याचे, म्हणजे जुळवणीचे. दुसरे सूत्रे चालवण्याचे. आणि तिसरे तक्ता पडद्यावर रंगवण्याचे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. सेलमध्ये अक्षर टाइप करताना काही अडथळा येत नाही, पण टॅब दाबून पुढच्या सेलमध्ये जाताना एडिटर थांबतो, असे असेल तर खर्च जुळवणीचा आहे. टॅब चटकन चालते, पण तक्त्याखालच्या सूत्रांच्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबले की एडिटर अडकतो आणि खालच्या पट्टीत संपूर्ण तक्त्याला सूत्रे लावली जात असल्याचा संदेश ओळक्रमांकासह पुढे सरकताना दिसतो, असे असेल तर खर्च आकडेमोडीचा आहे. आणि काहीही न बदलता नुसते खाली-वर सरकतानाही जडपणा जाणवत असेल, तर सूत्रांना हात लावून उपयोग नाही. दोष रंगवण्यात आहे.

तर्क पुरेसा वाटत नसेल तर ईमॅक्समध्येच मोजणी करता येते. प्रोफाइलर-स्टार्ट ही आज्ञा देऊन सीपीयू हा पर्याय निवडावा, मंद वाटणारी कृती एकदा करावी आणि मग प्रोफाइलर-रिपोर्ट मागवावा. अहवालात ऑर्ग-टेबल-अलाइन वर दिसले तर जुळवणी, ऑर्ग-टेबल-इव्हॅल-फॉर्म्युला आणि त्याखाली कॅल्कची, म्हणजे ईमॅक्समधील गणकयंत्राची, फलने दिसली तर आकडेमोड, रीडिस्प्ले किंवा फाँट-लॉक दिसले तर रंगवणे. त्या अहवालात स्वयंचलित कचरासफाईचा, म्हणजे गार्बेज कलेक्शनचा, वाटा वेगळा दाखवलेला असतो. त्याकडेही लक्ष द्यावे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

सरतेशेवटी एकदा ईमॅक्स कोणत्याही वैयक्तिक सेटिंगशिवाय सुरू करून तीच फाइल तपासावी. अनेकदा मंदपणा तक्त्याचा नसतोच. आपणच कधीतरी बसवलेले एखादे पॅकेज प्रत्येक बदलानंतर संपूर्ण फाइल चाळत असते.

किती ओळींपर्यंत तक्ता सुखाने चालतो?

एकच आकडा सांगणे योग्य ठरणार नाही, कारण पाच हजार ओळींचा सूत्रविरहित तक्ता चारशे ओळींच्या सूत्रबद्ध तक्त्यापेक्षा सुसह्य असू शकतो. तरी ऑर्गच्या लेखकांनी स्वतःच एक कुंपण घातले आहे. इतर ठिकाणचा मजकूर तक्त्यात रूपांतरित करणारी आज्ञा मूळ सेटिंगनुसार ९९९ ओळींपेक्षा मोठा मजकूर घेतच नाही, आणि त्या मर्यादेच्या वर्णनातच हे काम मोठ्या मजकुरावर मंद होऊ शकते व एडिटर अडकू नये म्हणून ही काळजी घेतली आहे, असे लिहिलेले आहे. मर्यादा वाढवता येते. माझ्या मते ती वाढवण्याची गरज पडणे हाच त्या माहितीची जागा तक्त्यात आहे की अन्यत्र याचा विचार करण्याचा क्षण असतो.

आकडेमोड इतकी मंद का होते? यंत्र तर वेगवान आहे.

सूत्र एका सेलवर चालते तेव्हा काय घडते ते पाहावे. तिसऱ्या रकान्यात पहिल्या दोन रकान्यांचा गुणाकार हवा आहे, म्हणून सूत्र दिले आहे:

$3=$1*$2

पहिल्या रकान्यात 12 आणि दुसऱ्यात 45 असेल, तर ऑर्ग प्रथम सूत्राच्या मजकुरात त्या किमती बसवून नवा मजकूर तयार करते. तो मजकूर कॅल्ककडे जातो. कॅल्क हे डेव्ह गिलेस्पी यांनी लिहिलेले ईमॅक्समधील गणकयंत्र केवळ बेरीज-वजाबाकीपुरते नाही. ते बीजगणित सोडवते, अपूर्णांक, सदिश, तारखा आणि एकके जाणते, हव्या तेवढ्या अंकांपर्यंत अचूक गणित करते. त्यामुळे बारा गुणिले पंचेचाळीस यासाठीही ते आधी मजकुराचे व्याकरण तपासते, त्याची अंतर्गत रचना बनवते, सरळरूप देते, उत्तर काढते आणि पुन्हा मजकुरात बदलते. मग ऑर्ग ते उत्तर सेलमध्ये लिहिते. पुढच्या ओळीला हे सर्व पुन्हा पहिल्यापासून.

दुसरे कारण क्रमाचे आहे. १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्ये संपूर्ण पत्रक ओळींच्या किंवा रकान्यांच्या क्रमाने मोजले जाई. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने अवलंबित्व ओळखून नैसर्गिक क्रमाने मोजणी आणली. ऑर्गची पद्धत पहिल्या प्रकारची आहे. एक सेल बदलला तरी कोणते सेल शिळे झाले हे त्याला ठाऊक नसते, म्हणून संपूर्ण तक्त्याची फेरमोजणी म्हणजे खरोखरच संपूर्ण तक्त्याची. ईमॅक्ससोबत येणारे सेस हे छोटे स्प्रेडशीट मात्र प्रत्येक सेलवर कोण अवलंबून आहे याची यादी ठेवते आणि तेवढेच सेल पुन्हा मोजते. निव्वळ आकडेमोडीचे पत्रक हवे असेल आणि त्याभोवती टिपणे नको असतील, तर सेस अवश्य वापरून पाहावे.

चालू शिल्लक दाखवणारा रकाना टाकल्यापासून तक्ता फारच मंद झाला. काय चुकले?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि याचे उत्तर सर्वाधिक समाधानकारकही आहे, कारण येथे सूत्राची मांडणी बदलताच फरक जाणवतो.

बहुतेक जण शिल्लक काढण्यासाठी दर ओळीत पहिल्या नोंदीपासून त्या ओळीपर्यंतच्या सर्व रकमांची व्हीसम फलनाने बेरीज करतात, म्हणजे फलनाला @2$3..@0$3 हा पल्ला देतात (@ ने ओळ आणि $ ने रकाना दाखवला जातो; @0 म्हणजे चालू ओळ). सूत्र बरोबर आहे, उत्तरही बरोबर येते. पण दहाव्या ओळीत दहा रकमा वाचल्या जातात, शंभराव्या ओळीत शंभर आणि हजाराव्या ओळीत हजार. हजार नोंदींच्या तक्त्यात अशा एकूण ५,००,५०० रकमा मजकुरातून उचलल्या जातात, त्यांची लांबलचक यादी बनवून ती कॅल्ककडे पाठवली जाते, आणि कॅल्क ती यादी पुन्हा एकेक अंक करून वाचते. नोंदी दुप्पट झाल्या की काम चौपट होते. तक्ता गेल्या वर्षी ठीक चालत होता आणि यंदा अचानक बिघडला, असे जे वाटते त्याचे कारण हेच.

त्याऐवजी वरच्या ओळीतील शिल्लक घेऊन तिच्यात या ओळीची रक्कम मिळवावी. वहीत हिशेब लिहिणारा माणूस हेच करतो.

| तारीख | तपशील | रक्कम | शिल्लक |
|  | आरंभीची शिल्लक |  | 5000 |
|-------+----------+-------+--------|
| 02-06 | किराणा | -1240 | 3760 |
| 03-06 | वीजबिल | -600 | 3160 |
| 05-06 | पगार | 18000 | 21160 |

सूत्र: $4=@-1$4+$3

आता प्रत्येक ओळीत दोनच किमती वाचल्या जातात. हजार ओळींसाठी दोन हजार. आरंभीच्या शिल्लकेची ओळ आडव्या रेषेच्या वर ठेवली आहे ती मुद्दाम. रकान्याचे सूत्र पहिल्या आडव्या रेषेच्या वरच्या ओळींना लागत नाही, त्यामुळे 5000 हा हाताने लिहिलेला आकडा सुरक्षित राहतो. आणि वरच्या ओळीचा संदर्भ मूळ सेटिंगनुसार रेषा ओलांडून जाऊ शकतो, त्यामुळे पहिल्या नोंदीला तो मिळतोही.

पुष्कळ जण पहिल्या नोंदीसाठी वेगळे सेल-सूत्र देतात. ते चालते, परंतु ऑर्ग आधी रकान्यांची सूत्रे चालवते आणि नंतर सेलची. पहिल्या नोंदीची रक्कम बदलली तर पहिल्या फेरीत खालच्या सर्व ओळी जुन्याच शिल्लकेवर मोजल्या जातात आणि योग्य उत्तरासाठी दुसरी फेरी करावी लागते. वरच्या मांडणीत ही वेळ येत नाही.

कंट्रोल-यू दोनदा देऊन फेरमोजणी केली तर बराच वेळ लागतो. ते आवश्यक आहे का?

कंट्रोल-यू एकदा देऊन कंट्रोल-सी आणि तारांकन दाबले तर तक्ता एकदाच मोजला जातो. कंट्रोल-यू दोनदा दिल्यास उत्तरे बदलेनाशी होईपर्यंत, जास्तीत जास्त दहा वेळा, संपूर्ण तक्ता पुन्हा पुन्हा मोजला जातो; आणि काहीही बदलले नाही हे कळण्यासाठीसुद्धा एक फेरी खर्ची पडते. सूत्रे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली अशीच अवलंबून असतील तर एक फेरी पुरते. उजवीकडच्या रकान्यावर डावीकडचा रकाना अवलंबून ठेवण्याची सवय असल्यास ती सोडावी. एखाद्या सूत्रात सध्याची वेळ किंवा यादृच्छिक संख्या असेल तर उत्तरे कधीच स्थिर होत नाहीत आणि दहाही फेऱ्या वाया जाऊन शेवटी त्रुटीचा संदेश येतो.

दुसऱ्या तक्त्यातून दर शोधून आणणारे सूत्र फार मंद आहे.

रिमोट हे फलन दुसऱ्या तक्त्यातील किंमत आणते आणि ऑर्ग-लुकअप-फर्स्ट यादीत शोध घेते. दोन्ही मिळून दरपत्रकातून भाव उचलण्याची सोय होते. मात्र रिमोट हे फलन आधी आणलेला तक्ता लक्षात ठेवत नाही. प्रत्येक ओळीसाठी ते फाइलमध्ये त्या नावाचा तक्ता नव्याने शोधते, त्याच्या ओळींची छाननी करते आणि मागितलेला पल्ला मजकुरातून काढते. समजा, मागणीच्या तक्त्यात ६०० ओळी आहेत आणि दरपत्रकात ४००. शोधासाठी वस्तूंच्या नावांचा एक आणि भावांचा एक असे दोन पल्ले लागतात. म्हणजे ६०० गुणिले २ गुणिले ४००, एकूण ४,८०,००० सेल वाचले जातात आणि दरपत्रकाचा शोध बाराशे वेळा घेतला जातो.

दर मोजकेच असतील, उदाहरणार्थ कराचे दोन-तीन दर, तर दूरचा तक्ता नकोच. त्याच तक्त्यात पहिल्या रकान्यात डॉलरचे चिन्ह असलेली ओळ घालून तेथे नाव, बरोबरचे चिन्ह आणि किंमत लिहावी. सूत्रात ते नाव वापरता येते. ही नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागतात, देवनागरी नाव ओळखले जात नाही.

दरपत्रक मोठे असेल तर सूत्रांचा मार्ग सोडून बेबेलचा, म्हणजे फाइलमध्येच इतर भाषांतले प्रोग्राम लिहून चालवण्याच्या ऑर्गच्या सोयीचा, कोड-खंड वापरावा. त्याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे.

कॅल्कऐवजी लिस्पची सूत्रे वापरली तर वेग वाढतो का?

लिस्प ही ईमॅक्सची स्वतःची प्रोग्रामिंग भाषा आहे. तिच्या सूत्रांनी वेग वाढतो, कारण व्याकरण तपासून बीजगणिताची रचना बनवण्याचा मधला टप्पा टळतो. सूत्राच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह देऊन लिस्पमधील कंस लिहायचे आणि शेवटी अर्धविराम देऊन रोमन मोठे एन हे अक्षर जोडायचे, म्हणजे सेलमधील मजकूर संख्या म्हणून घेतला जातो. किमती मजकुरात बसवण्याचे काम तरीही उरते, त्यामुळे मघाचा शिल्लकेचा रकाना चुकीच्या मांडणीत ठेवून नुसते लिस्पकडे वळण्यात अर्थ नाही.

या बदलात तीन धोके आहेत आणि तिन्हींमध्ये उत्तर मुकाट्याने चुकते, त्रुटीचा संदेश येत नाही.

पहिला स्वल्पविरामांचा. आपण सवा लाख हा आकडा 1,25,000 असा लिहितो. एन हे अक्षर दिलेले असताना वाचन पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि सवा लाखाचा एक होतो. दुसरा देवनागरी अंकांचा. ईमॅक्सला १२५ ही संख्या संख्या म्हणून कळत नाही. लिस्पच्या सूत्रात तिची किंमत शून्य धरली जाते. मराठीत हिशेब ठेवणाऱ्यांनी तपशील देवनागरीत आणि रकमा 125000 अशा सलग, इंग्रजी अंकांत लिहाव्यात, हा नियम कॅल्क वापरत असतानाही पाळावा. तिसरा धोका भागाकाराचा. लिस्पमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देतो, त्यामुळे सात भागिले दोन यांचे उत्तर तीन येते. कॅल्क साडेतीन देते. सूत्रात 2 ऐवजी 2.0 लिहिल्याने हे टळते.

भागाकाराचा विषय निघालाच आहे तर कॅल्कचीही एक रीत सांगून ठेवणे आवश्यक आहे. तेथे गुणाकाराचा अग्रक्रम भागाकारापेक्षा वरचा आहे, म्हणून $1/$2*$3 याचा अर्थ पहिला रकाना भागिले उरलेल्या दोहोंचा गुणाकार असा होतो. कॅल्कमधून लिस्पमध्ये किंवा उलट सूत्र नेताना कंस घालूनच न्यावे, आणि जुनी व नवी उत्तरे निदान एका पानभर तक्त्यावर ताडून पाहावीत.

टॅब दाबली की प्रत्येक वेळी एडिटर थांबतो. सूत्रे तर मी चालवतच नाही.

हा जुळवणीचा खर्च आहे. रकाना सरळ दिसण्यासाठी त्या रकान्यातील सर्वांत रुंद सेल किती रुंद आहे हे ठाऊक असावे लागते, आणि ते कळण्यासाठी सगळे सेल मोजावे लागतात. एखादा सेल पूर्वीपेक्षा रुंद झाला की वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीत रिकाम्या जागा वाढवाव्या लागतात.

याचा सर्वांत वाईट अनुभव शेरा या रकान्याने येतो. ८०० ओळींच्या तक्त्यात कोणी एका सेलमध्ये दीडशे अक्षरांचा शेरा लिहिला की त्या रकान्याची रुंदी प्रत्येक ओळीत दीडशे अक्षरे होते. ८०० गुणिले १५० म्हणजे १,२०,००० अक्षरांची जागा, आणि तीही बहुतांशी रिकामी. ही रिकामी जागा फाइलमध्ये खरोखर साठते, दर वेळी मोजली जाते, रंगवली जाते आणि पूर्ववत करण्याच्या यादीतही जाते. लांब शेरे तक्त्याबाहेर, मथळ्याखाली किंवा तळटीपेत लिहावेत आणि तक्त्यात फक्त क्रमांक ठेवावा.

भराभर नोंदी करायच्या असतील तेव्हा ऑर्ग-टेबल-ऑटोमॅटिक-रीअलाइन हे चल बंद करावे. मग टॅब फक्त पुढच्या सेलमध्ये नेते, तक्ता वेडावाकडा दिसतो, आणि सर्व नोंदी झाल्यावर तक्त्यात कोठेही कंट्रोल-सी दोनदा दाबले की एकदाच जुळवणी होते. माहितीला यामुळे कोणताही धोका नाही.

पहिल्या रकान्यात हॅशचे चिन्ह असलेल्या ओळी आहेत का, हेही पाहावे. अशा ओळीत टॅब किंवा एंटर दाबताच त्या ओळीची सूत्रे आपोआप चालतात. दुसऱ्या कोणाकडून आलेल्या फाइलमध्ये ही चिन्हे असतील तर त्यांच्या जागी तारांकन टाकावे. मग ती ओळ सांगितल्यावरच मोजली जाते.

मराठी मजकुराचे रकाने जुळतच नाहीत, म्हणून मी पुन्हा पुन्हा जुळवणी करतो. उपाय काय?

पुन्हा जुळवणी करून काहीही साधणार नाही. ऑर्ग रुंदी अक्षरांच्या हिशेबाने मोजते आणि रिकाम्या जागा घालून ती भरून काढते. देवनागरीत मात्र जोडाक्षरे, मात्रा आणि वेलांट्या एकत्र येऊन बनणाऱ्या आकारांची रुंदी फाँटवर अवलंबून असते आणि ती रिकाम्या जागेच्या पटीत क्वचितच बसते. 'वैद्यकीय' आणि 'प्रवासखर्च' हे शब्द असलेल्या ओळींचे दंड एकाखाली एक येत नाहीत ते यामुळे.

व्हीअलाइन नावाचे एक पॅकेज यावर उपाय म्हणून मिळते. ते पडद्यावरील पिक्सेल मोजून दंड सरळ आणते आणि लहान तक्त्यांत ते फार छान दिसते. पण प्रत्येक सेलची पिक्सेलमधील रुंदी मोजणे हे अक्षरे मोजण्यापेक्षा कितीतरी खर्चिक काम आहे, म्हणून शेकडो ओळींच्या तक्त्यासाठी ते बंद ठेवावे. मला सर्वांत उपयोगी वाटलेला उपाय रचनेचाच आहे: तारीख, रक्कम, शिल्लक हे अंकांचे रकाने डावीकडे घ्यावेत आणि मराठी तपशील अगदी शेवटच्या रकान्यात ठेवावा. मग विस्कटतो तो फक्त शेवटचा दंड, आणि आकडे स्वच्छ रांगेत राहतात.

फाइल उघडतानाच वेळ लागतो आणि सरकताना जडपणा येतो.

फाइलच्या आरंभी किंवा वैयक्तिक सेटिंगमध्ये सर्व तक्ते उघडतानाच जुळवण्याचा अथवा रकाने आखडण्याचा पर्याय दिलेला आहे का, ते तपासावे. दोन्ही पर्याय फाइलमधील प्रत्येक तक्त्याला लागू होतात. रकाने आखडण्याची सोय, जी ऑर्ग ९.२ पासून आजच्या रूपात आहे, मजकुरावर आच्छादने, म्हणजे मूळ मजकूर न बदलता तो कसा दिसावा हे ठरवणारे थर, घालून चालते आणि मोठ्या तक्त्यात अशी आच्छादने हजारोंनी होतात. ईमॅक्स २९ च्या आधी आच्छादने साखळीसारख्या याद्यांत ठेवली जात आणि त्यांची संख्या वाढली की सारेच मंदावे. जुलै २०२३ मध्ये आलेल्या २९.१ पासून त्यांच्यासाठी संतुलित वृक्षाची रचना वापरली जाते. अतिशय लांब ओळी रंगवण्याचे कामही त्याच आवृत्तीत सुधारले. त्यामुळे जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी इतर कोणत्याही खटपटीआधी ईमॅक्स अद्ययावत करावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

मशीन कोडमध्ये रूपांतर करणारी सोय किंवा स्मृतीच्या सेटिंग यांचा किती उपयोग होतो?

ईमॅक्स २८ पासून लिस्पचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करता येते आणि ऑर्ग व कॅल्क ही दोन्ही लिस्पमध्येच असल्याने आकडेमोडीला त्याचा फायदा मिळतो. ज्यांनी ऑर्गची ताजी प्रत स्वतः उतरवून वापरली आहे त्यांनी ती निदान बाइट-कोडमध्ये रूपांतरित झाली आहे ना, एवढे अवश्य पाहावे. न रूपांतरित केलेली प्रत चालते, पण फारच हळू.

सूत्रे चालताना तात्पुरत्या मजकुराचे असंख्य तुकडे निर्माण होतात आणि ते साफ करण्यासाठी ईमॅक्स मधूनमधून थांबते. ही सफाई किती स्मृती वापरल्यावर करायची त्याची मूळ मर्यादा ६४-बिट यंत्रावर ८,००,००० बाइट आहे, जी आजच्या मानाने लहान आहे. प्रोफाइलरच्या अहवालात सफाईचा वाटा मोठा दिसला तर फेरमोजणीपुरती ही मर्यादा वाढवावी. ती कायमची अवाढव्य करून ठेवल्यास सफाई क्वचित होते, पण होते तेव्हा एडिटर जाणवण्याइतका थांबतो.

सर्व सूत्रे प्रत्येक वेळी चालवणे टाळता येईल का?

येईल, आणि ही सोय फारशी कोणी वापरत नाही. तक्त्याखाली टीबीएलएफएम (#+TBLFM:) या शब्दाने सुरू होणाऱ्या एकापेक्षा अधिक ओळी लिहिता येतात. नेहमीच्या फेरमोजणीत फक्त पहिली ओळ विचारात घेतली जाते. दुसऱ्या ओळीतील सूत्रे तिच्यावर कर्सर नेऊन कंट्रोल-सी दोनदा दाबले तरच चालतात. रोज लागणारी हलकी सूत्रे पहिल्या ओळीत आणि महिनाअखेरीचे गोषवारे, टक्केवारी, दूरच्या तक्त्यांतील शोध दुसऱ्या ओळीत ठेवावेत.

तक्त्याची सूत्रे सोडून बेबेलकडे केव्हा वळावे?

एका ओळीच्या उत्तरासाठी दुसरा सबंध तक्ता चाळावा लागत असेल, नोंदींचे गट करून बेरजा हव्या असतील, किंवा ओळी हजाराच्या पुढे गेल्या असतील, तेव्हा.

बेबेलमध्ये तक्त्याला नाव देऊन तो पायथन, आर, एसक्यूलाइट किंवा लिस्पच्या कोड-खंडाला चल म्हणून देता येतो. तक्त्याचा मजकूर एकदाच वाचला जातो, यादीच्या रूपात त्या भाषेकडे जातो, सगळी मोजणी तेथे संख्यांवर होते, आणि उत्तराचा तक्ता फाइलमध्ये एकदाच लिहिला जातो. मघाच्या दरपत्रकाच्या उदाहरणात ४०० भावांचा कोश एकदा बनतो आणि ६०० ओळींचे शोध त्यात क्षणात होतात. ४,८०,००० वाचनांच्या जागी साधारण एक हजार ओळींचे वाचन उरते. लिस्पचाच खंड लिहिला तर वेगळी भाषा बसवण्याचीही गरज नाही.

शीर्षकाची ओळ माहितीत मिसळू नये म्हणून कोड-खंडाला रकान्यांची नावे असल्याचे सांगणारा कोलनेम्स हा पर्याय द्यावा. मूळ नोंदींचा तक्ता आणि उत्तरांचा तक्ता वेगळे ठेवावेत; एकातच दोन्ही कोंबल्यास पुढच्या वेळी उत्तरेच नोंदी म्हणून वाचली जातात.

आणि माहिती खरोखरच मोठी असेल तर?

दहा-वीस हजार ओळी असतील तर मूळ माहिती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या, फाइलमध्ये किंवा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवावी आणि ऑर्गच्या फाइलमध्ये तिच्यावर चालणारा कोड-खंड, त्यातून निघालेला लहान गोषवारा आणि त्याविषयीची टिपणे ठेवावीत. सीएसव्ही हीदेखील साधा मजकूरच असल्यामुळे ती कोठेही उघडण्याची आणि बदल तपासण्याची मोकळीक कायम राहते. नोंदी हाताने करायच्या असतील तर चालू महिन्यापुरता तक्ता ऑर्गमध्ये असू द्यावा आणि महिना संपला की त्या ओळी सीएसव्हीत हलवून पुढच्या महिन्याची आरंभीची शिल्लक नव्या तक्त्याच्या आडव्या रेषेच्या वरच्या ओळीत लिहावी. तक्ता ऑर्ग-टेबल-एक्सपोर्ट या आज्ञेने सीएसव्हीत निर्यात करता येतो. त्या वेळी फाइलचे नाव जुन्या महिन्याच्या फाइलचे नाही ना, हे पाहून घ्यावे.